वाचक विचारतात: पावसाळ्यानंतर गाडी 'डी'ला हलतच नाही

प्रश्न: मामांची 1969 ची डॉज चार्जर, 727 ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, म्हापशाच्या घरी पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. परवा स्टार्ट करून 'डी' (ड्राइव्ह, पुढे जायचा गिअर) टाकला तर काहीच नाही, अर्ध्या मिनिटानं धक्का देऊन हलली, आणि लादीवर लाल तेल. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवूया. उतरवू का?

उत्तर: थांबा हो, इतक्यात नको! गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल खाली पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यात उतरतं; कन्व्हर्टर रिकामा म्हणून 'डी'ला गाडी हलत नाही, तर पॅनमधली पातळी वाढते आणि जुन्या शाफ्ट सीलमधून ठिबकायला लागतं, लादीवरचे डाग बहुतेक तेच. त्या काळच्या 727 ला 'पार्क'मध्ये कन्व्हर्टरला तेलच जात नाही, त्यामुळे पार्कात तासभर इंजिन चालवलंत तरी फुकट. हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला टाका, मिनिट-दोन मिनिटं चालू द्या, मग 'डी'. डिपस्टिकसुद्धा (तेलाची पातळी बघायची पट्टी) गाडी गरम, सपाट जागी, इंजिन चालू, न्यूट्रलमध्येच बघायची, नाहीतर लोक उगाच ओततात किंवा काढतात. तेल काळं नि जळका वास असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आणि हो, कार्बोरेटरला कोणी हात लावला होता का? तिथून गिअरबॉक्सला जाणारा थ्रॉटल रॉड सुटलेला असला तर तेलाचं प्रेशर कमी पडतं, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरून जळतात, आणि मग खरंच उतरवावा लागेल. पर्वरीच्या चढावर नेण्याआधी तो रॉड बघाच.