पेंटशॉपमध्ये काम करतो, रात्री दम लागतो. डॉक्टरांनी चॅलेंज टेस्ट सांगितली आहे. करावी, की नोकरीच सोडावी?

वाळूजला कंपनीत रंगाचा स्प्रे मारता, ड्यूटीवर ठीक असता पण रात्री छाती भरून येते आणि सुट्टीत गावाकडं गेलं की त्रास गायब, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून काळजी वाटली. मी छत्रपती संभाजीनगरात पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांची ताकद फुंकून मोजायच्या, मशीनवर काम करतो. तुमच्यासारखे पेंटर येतात, पण बहुतेक जण नोकरी सोडून बरेच दिवस झाल्यावर. तोवर श्वासनळ्या शांत झालेल्या असू शकतात. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दमा कामामुळेच झाला हे दाखवणं अवघड होऊन बसतं.

म्हणून टेस्ट करा, आणि काम चालू असतानाच करा.

तुम्हाला सांगितलेली टेस्ट बहुधा मेथाकोलीनची, म्हणजे श्वासनळ्या आवळणाऱ्या औषधाची, असेल. अगदी कमी डोसची वाफ हुंगायची, मग जोरात फुंकायचं, मग थोडा मोठा डोस. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी घटली की तिथंच थांबवतात आणि श्वासनळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल देतात. थोडा वेळ छाती आवळते, खोकला येतो, पण डॉक्टर शेजारीच असतात. गेल्या ३ महिन्यांत हार्ट अटॅक आला असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल तर आधीच सांगा. दम्याचा कुठला पंप किती तास बंद ठेवायचा हेही त्यांनाच विचारा.

यातून श्वासनळ्या चिडक्या आहेत एवढंच कळतं, कशानं ते नाही. त्यासाठी वेगळी टेस्ट असते, जिच्यात संशयित पदार्थच हुंगवतात. १९७०च्या दशकात लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात जॅक पेपिस यांनी ही पद्धत बसवली. पेंटरला बंद खोलीत स्वतःच्या हातानं ब्रशनं रंग लावायला सांगायचे: एके दिवशी नुसता रंग, दुसऱ्या दिवशी हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घालून. मग दिवसभर तासातासाला फुंकून बघायचं, कारण हार्डनरमधल्या आयसोसायनेट या घटकाचा झटका पुष्कळदा ४ ते ८ तासांनी येतो. तुम्हाला बूथमध्ये काही होत नाही आणि जेवून आडवं पडल्यावर धाप लागते, त्याचं कारण हेच असू शकतं. ही टेस्ट मोजक्याच केंद्रांत होते. घरी किंवा कंपनीत डबा हुंगून बघायच्या भानगडीत कृपा करून पडू नका, जिवावर बेतू शकतं.

तुमच्या हातातलं साधन म्हणजे पीक फ्लो मीटर, फुंकीचा जोर मोजणारी छोटी नळी. मेडिकलवर मिळतो. उभं राहून, काटा शून्यावर आणून, ओठ घट्ट आवळून ३ वेळा फुंका आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. दिवसातून ४ वेळा, कामाचे २ आठवडे आणि सुट्टीचेही जितके मिळतील तितके दिवस. शेजारी शिफ्ट आणि पंप कधी घेतला तेही लिहा. कामाच्या दिवशी संध्याकाळी ३४० आणि सुट्टीत ४५० असं वारंवार दिसलं, तर ती वही डॉक्टरांच्या फार कामाची आहे. मात्र पंपानं आराम पडत नसेल, बोलता बोलता धाप लागत असेल, तर नोंदी राहू द्या, लगेच दवाखाना गाठा.

कारण आयसोसायनेटच निघालं तर त्या रंगापासून कायमचं दूर व्हावं लागेल. एकदा शरीर बिथरलं की जराशा वाफेनंही झटका येतो, साधा मास्क पुरत नाही. जितकं लवकर बाहेर पडाल तितकी बरं होण्याची आशा जास्त. पण राजीनामा देऊ नका, आधी दुसऱ्या विभागात बदली मागा. कामामुळे होणारा दमा १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या यादीत होता, नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे, आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर दावा तिथं करायचा असतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना वहीसोबत हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटोही न्या.