चार नोडची कोयरी

प्रश्न : मी निवृत्त कलाशिक्षिका असून, हळदीकुंकवाच्या आमंत्रणपत्रिकेसाठी कोयऱ्यांची वेल संगणकावर काढावी या हेतूने इंकस्केप हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर शिकू लागले आहे. कागदावर एका ओघात उतरणारी कोयरी पेन टूलने मात्र कोनाकोनांची येते. चित्राचा फोटो घेऊन ‘ट्रेस बिटमॅप’ने त्याच्या आपोआप रेषा करून पाहिल्या, तर कडेला शेकडो नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, आले आणि एकही वळण सुधारता येईना. माझे कुठे चुकते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पेन टूल घेऊन आपण बहुधा नुसत्या टिचक्या मारीत जात असाल. टिचकी मारून लगेच सोडली की कोन पडतो. बटण दाबून ठेवून माउस ओढला, तरच नोडमधून हँडल, म्हणजे वळणाची दिशा ठरविणारी दांडी, निघते आणि रेषेला वळण मिळते. दोन नोड आणि त्यांची हँडल यांवरून मधली वक्ररेषा ठरविण्याची ही रीत मुळात फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत, गाडीच्या पत्र्याचे आकार नेमके मांडण्यासाठी घडली. रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांचे नाव तिला मिळाले, पण सित्रोएनमधील पॉल द कास्टेलजो यांनी ते गणित १९५९मध्येच मांडले होते.

वळण बिघडले की नवशिका आणखी एक नोड घालतो, आणि तिथेच रेषेला नवा उंचवटा येतो. म्हणून माझी सूचना अशी की, आठवडाभर पेन बाजूलाच ठेवावे. कंट्रोल दाबून एक वर्तुळ काढा, ‘पाथ’ मेनूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा देऊन त्याचा पाथ, म्हणजे नोडनी बनलेली रेषा, करा आणि एन ही कळ दाबून नोड टूल घ्या. अख्खे वर्तुळ वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा अवघ्या चार नोडवर उभे असल्याचे दिसेल. प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ५५ टक्के असते. आता वरचा नोड निवडून शिफ्ट आणि सी दाबा, म्हणजे त्याची दोन्ही हँडल एकमेकांपासून सुटी होतील. तो नोड वर आणि किंचित उजवीकडे ओढून दोन्ही हँडल डावीकडे वळवली, की कोयरीची मान झुकते. डौल साधेपर्यंत हँडलची लांबी कमीजास्त करीत राहावे. कागदावर तयार झालेली आपली नजर इथे पुरेपूर कामी येईल.

त्यानंतर चित्राचा फोटो खालच्या लेयरवर (थरावर) फिकट करून ठेवावा, तो लेयर कुलूपबंद करावा आणि त्यावरून पेनने चार-पाच नोडमध्येच कोयरी गिरवावी. ट्रेसचा मोह टाळावा. ‘सिम्प्लिफाय’ने त्यातील नोड कमी होतात खरे, पण कोयरीचे टोकही बोथट होते. वेलीसाठी ऑल्ट आणि डी दाबून क्लोन काढले, तर मूळ कोयरीत केलेला बदल साऱ्या वेलीत आपोआप उतरतो.

पत्रिका छपाईला देताना मजकुराचेही पाथ करावेत, अन्यथा तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे विस्कटतात. मात्र पाथ केलेल्या मजकुरातील शब्द नंतर टंकून बदलता येत नाहीत, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी. पडद्यावरचे कुंकवाचे लाल छपाईत मंद पडू शकते, तेव्हा आधी एक नमुनाप्रत छापून घ्यावी.