साहित्य शिकायला फुकटात चांगला कोर्स कुठे मिळेल?

नोकरी सांभाळून, पैसे न भरता शिकायचंय म्हणताय, तर सरळ येल विद्यापीठाच्या 'ओपन येल कोर्सेस'वर जा. नावनोंदणी नाही, फी नाही. प्रमाणपत्रही नाही, हे आधीच सांगतो. तिथे पॉल फ्राय यांची साहित्य सिद्धान्तावरची, म्हणजे साहित्य काय असतं आणि ते कसं वाचायचं यावरची, २६ व्याख्यानं आहेत, २००९ची. विषय जड, पण मास्तर भारी! टोइंगवाल्या ट्रकची एक चिमुकली बालगोष्ट घेतात आणि एकेक सिद्धान्त तिलाच लावून दाखवतात. इंग्रजी डोक्यावरून जात असेल तर लेखी प्रत शेजारी उघडून ठेवा, तीही फुकटच. फक्त रात्री आडवं पडून ऐकू नका, मी दोनदा झोपलोय. लिहिण्याचा सराव हवा असेल तर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची 'ओपनलर्न' ही फुकट कोर्सेसची वेबसाइट बघा.