आधी पाना हाती घे

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेला जाहिरातीचा फोटो मिळाला. आयटीआयचं दुसरं वर्ष संपत आलंय, ट्रेड एओसीपी (केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर), आणि आता केमिकल प्लांटमध्ये अप्रेंटिसशिपला जायचं की तो तीन महिन्यांचा ‘ग्रीन हायड्रोजन टेक्निशियन’ कोर्स करायचा, हा तुझा प्रश्न. फीसाठी बाबा पतपेढीतून कर्ज काढायला तयार आहेत, हेही लिहिलंस. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. अप्रेंटिसशिपला जा, आणि बाबांना कर्ज काढू देऊ नकोस. कारणं मात्र सावकाश वाच, कारण पुढची काही वर्षं तुला काय शिकायचंय ते त्या कारणांतच आहे.

जाहिरातीत ‘सहा लाख नोकऱ्या’ असं मोठ्या अक्षरात छापलंय. हा आकडा खोटा नाही. केंद्राने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपये ठेवले, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन (म्हणजे सौर-पवन विजेने पाणी फोडून मिळणारा) बनवायचं उद्दिष्ट ठरवलं आणि त्यातून सहा लाखांवर रोजगार उभे राहतील असं म्हटलं. पण ते उद्दिष्ट आहे, भरती नाही. वर्षाला ५० लाख टन म्हणजे दिवसाला साधारण १३,७०० टन. मध्य प्रदेशात विजयपूरला ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीने २०२४ मध्ये १० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडून हायड्रोजन बनवणारं यंत्र) सुरू केला, त्याची क्षमता दिवसाला सुमारे ४.३ टन. मधलं अंतर तूच बघ. शिवाय असा प्लांट बांधताना माणसं जास्त लागतात, चालवताना पाळीला मोजकीच.

हे हळू का चाललंय, तेही समजून घे, म्हणजे कुणी भुलवणार नाही आणि कुणी घाबरवणारही नाही. एक किलो हायड्रोजनसाठी पाणी फोडायला ५० ते ५५ युनिट वीज जाते, आणि त्या किलोत ऊर्जा असते ३३ युनिटांएवढी. पाच रुपये युनिटने धरलं तरी नुसत्या विजेचेच अडीचशेच्या वर होतात. म्हणून स्वस्त सौर आणि पवन वीज जिथे मिळेल आणि खात्रीचं गिऱ्हाईक जिथे असेल, तिथेच प्लांट आधी उभे राहतील. महाराष्ट्र सरकारनेही २०२३ मध्ये स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण केलं आहे. काम येणार, याबद्दल मला शंका नाही. पण ते तुझा तीन महिन्यांचा कोर्स संपेल त्या सोमवारी येणार नाही.

आता त्या जाहिरातीत नसलेली गोष्ट. हायड्रोजन आपल्याकडे नवा नाही. देश आजही वर्षाला ५० लाख टनांहून जास्त हायड्रोजन वापरतो, बहुतेक सगळा रिफायनऱ्यांत आणि खताच्या अमोनियासाठी. तुझ्या घरापासून फार लांब जायला नको: थळ, ट्रॉम्बे आणि तळोज्याला अमोनिया बनतो, माहुलच्या रिफायनऱ्यांत हायड्रोजन युनिट आहेत. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात तो आपोआप तयार होतो. वनस्पती तूप त्याच्याशिवाय गोठत नाही. औष्णिक वीजकेंद्रांतले मोठे जनरेटर आतून हायड्रोजननेच थंड ठेवतात, आणि तिथली माणसं दर मोठ्या शटडाऊनला आधी कार्बन डायऑक्साइडने हायड्रोजन बाहेर काढतात, मग हवा घेतात, आणि परत भरताना हाच क्रम उलटा करतात. हे काम तिथे वर्षानुवर्षं चालू आहे.

हा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून तो ‘हरित’ नाही. ते बदलायलाच हवं, आणि ते बदलणाऱ्या हातांत तुझे हात असावेत असं मला मनापासून वाटतं. पण पाइपमध्ये शिरल्यावर हरित आणि हा वायूपासूनचा ‘करडा’ यांत काडीचाही फरक उरत नाही. तोच दाब, तीच गळती, तीच आग. त्यामुळे जिथे हायड्रोजन आज आहे तिथेच तो शिकता येतो. अप्रेंटिसशिपसाठी कंपनी निवडताना पहिला प्रश्न हाच विचार: तुमच्याकडे हायड्रोजनची लाइन, कॉम्प्रेसर किंवा रिफॉर्मर (नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवणारी भट्टी) आहे का, आणि अप्रेंटिसला तिथे पाळी देता का?

२०१९ सालच्या दोन घटना तुला सांगायच्या आहेत. मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांना सांगितल्या आहेत.

त्या वर्षी २३ मे रोजी दक्षिण कोरियात गांगनुंग इथे एका प्रायोगिक प्रकल्पात हायड्रोजनची टाकी फुटली. दोन माणसं गेली, सहा जखमी झाली. सौर विजेवर पाणी फोडून बनवलेल्या त्या हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळत गेला होता. हे कसं होतं ते नीट समजून घे, कारण उद्या तू हेच पॅनेल सांभाळणार आहेस. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन सुटतो, मध्ये फक्त एक पातळ पडदा. थोडा वायू पडद्यातून पलीकडे जातच असतो. प्लांट भरभरून चालत असताना तो वायूच्या मोठ्या प्रवाहात विरून जातो. पण ढग आले, वीज कमी झाली, लोड खाली आला, की तयार होणारा वायू घटतो आणि पडद्यातून झिरपणारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे टक्केवारी चढते. ऑक्सिजनच्या बाजूला हायड्रोजन चार टक्क्यांच्या आसपास गेला की ते मिश्रण पेटू शकतं, म्हणून साधारण दोन टक्क्यांवरच प्लांट ट्रिप व्हावा, म्हणजे आपोआप बंद पडावा, अशी सोय ठेवतात. सौर विजेवरचा प्लांट रोज सकाळी आणि संध्याकाळी याच अवघड पट्ट्यातून जातो. तिथे अ‍ॅनालायझरचा (वायूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा वाचणारा माणूस झोपून चालत नाही.

आणि आकडा वाचणं म्हणजे नुसता लॉगबुकात उतरवणं नव्हे. सॅम्पलची बारीक नळी तुंबली तर अ‍ॅनालायझर तोच जुना, छान दिसणारा आकडा तासन्‌तास दाखवत राहतो. लोड बदलला आणि आकडा हलला नाही, तर आधी रोटामीटरमध्ये (प्रवाह दाखवणाऱ्या नळीत) सॅम्पल फ्लो आहे का ते बघ, मग इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलावून झीरो आणि स्पॅन गॅस (ज्यांचं प्रमाण आधीच माहीत असतं असे वायू) लावून तपासून घे. हे कुठल्याच स्लाइडवर शिकता येत नाही. पॅनेलवर अनुभवी माणसाशेजारी बसूनच ते कळतं.

दुसरी घटना १० जूनची, म्हणजे अठराच दिवसांनंतरची. नॉर्वेत ओस्लोजवळ सांदविका इथे गाड्यांना हायड्रोजन भरायच्या पंपावर स्फोट झाला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. चौकशीत कारण निघालं ते उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगची चुकीची जोडणी: आतले बोल्ट हवे तेवढे आवळलेले नव्हते. नॉर्वेसारखा देश, नवंकोरं तंत्र, आणि शेवटी सगळं येऊन थांबलं ते पाना धरणाऱ्या हातावर. म्हणून मला या क्षेत्रात शास्त्रज्ञांइतकाच मोलाचा वाटतो तो फिटर, जो टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) लावून, ठरलेल्या क्रमाने बोल्ट आवळतो, प्रत्येकावर खूण करतो आणि ‘चालतंय की’ म्हणत पुढे जात नाही.

हायड्रोजन असा आहे की तो चूक पचवत नाही. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेटतो. पेटायला लागणारी ठिणगी मिथेनच्या ठिणगीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान पुरते. स्वेटर काढताना अंगावर जी चटचट जाणवते तीही भरपूर झाली. म्हणून सुती युनिफॉर्म आणि अँटिस्टॅटिक बूट, नायलॉनची ओढणी आत नाही. त्याला वास नाही, आणि फ्युएल सेलसाठीच्या (म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलसाठीच्या) हायड्रोजनमध्ये एलपीजीसारखा गंधकाचा वास मिसळताही येत नाही, कारण त्याने सेलमधला उत्प्रेरक खराब होतो. दिवसाउजेडी त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही. पूर्वी काही ठिकाणी लांब दांड्याचा झाडू पुढे धरून गळती शोधत चालायचे, झाडू पेटला की ज्वाला सापडली. आता थर्मल कॅमेरे आणि फ्लेम डिटेक्टर आहेत, पण नळीजवळ दबक्या पावलाने जायची सवय अजून तीच लागते.

घाबरवत नाहीये. तो सर्वांत हलका वायू आहे, उघड्यावर सुटला तर झपाट्याने वर निघून जातो, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू. छपराखाली कोंडला तरच तो वैरी. म्हणून अशा शेडला वरून वायुवीजन असतं आणि डिटेक्टर छताजवळ लावतात. पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरलीस की वर बघ.

नायट्रोजनबद्दल मात्र घाबरवणारच आहे. हायड्रोजनची लाइन उघडण्याआधी आणि भरण्याआधी नायट्रोजनने पर्ज करावी (आतला वायू ढकलून बाहेर काढून टाकावा) लागते, म्हणजे या कामात तुझा खरा रोजचा सोबती नायट्रोजन. तो पेटत नाही, विषारी नाही, म्हणून लोक त्याला मोजत नाहीत. पण टाकीत तो भरलेला असेल तर आत डोकावलेला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला ओढायला धावलेला दुसराही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही, मग हुकूम कुणाचाही असो. एंट्री परमिटवर तुझी सही असेल तर ऑक्सिजन मीटर स्वतः आत सोडून वाच. त्या बाबतीत साहेबाचं मन राखायचं नाही. मी हे फार कळकळीने लिहितोय.

तुझा चुलतभाऊ वेल्डर आहे, तोही विचारतोय असं लिहिलंस. त्याला सांग, हायड्रोजनशी त्याची ओळख तुझ्याआधीची आहे. ७०१८ चा वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये भाजून का घेतात? रॉडमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि नंतर तडा जातो, म्हणून. उच्च दाबाच्या हायड्रोजनने पाइपचं पोलादही असंच ठिसूळ होऊ शकतं. ३१६एल स्टेनलेसच्या बारीक ट्यूबवर स्वच्छ टिग वेल्ड मारता येणारा, ऑर्बिटल मशिन (नळीभोवती स्वतः फिरून वेल्ड मारणारं) चालवता येणारा, हेलियमने लीक टेस्ट करणाऱ्यांसोबत काम केलेला वेल्डर या क्षेत्रात रिकामा बसणार नाही. त्यानेही वेगळा हायड्रोजनचा कोर्स शोधण्याआधी टिगचा हात बसवावा.

मी कोर्सच्या विरोधात नाही. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सने या कामांसाठी अभ्यासक्रम तयार केले आहेत आणि सरकारी योजनेतून फी न भरताही काही ठिकाणी ते शिकवतात. अप्रेंटिसशिप झाल्यावर तसा एखादा अवश्य कर, तेव्हा त्यातला शब्द न्‌ शब्द तुला कळेल. फक्त प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाचा कोड आणि स्तर राष्ट्रीय पात्रता नोंदणीत आहे का ते स्वतः शोध. तू पाठवलेल्या जाहिरातीत तसा कोड कुठेही नाही, ‘सरकारमान्य’ एवढंच आहे. प्रॅक्टिकल कशावर घेणार, असं फोन करून विचार. इलेक्ट्रोलायझरचा खरा स्टॅक (पाणी फोडणाऱ्या सेलची चळत), निदान गॅस पॅनेल आणि ट्यूब फिटिंगचा बेंच दाखवत नसतील तर तिथे शिकायला काही नाही.

दोन पुस्तकं आतापासून चाळायला लाग: गॅस सिलिंडर नियम, २०१६ आणि त्याच वर्षीचे प्रेशर व्हेसलचे नियम. अशा सिलिंडर-टाक्यांना परवानगी देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. पहिल्यांदा अर्धं कळणार नाही, तरी वाच. ज्या ऑपरेटरला नियम पाठ असतो त्याच्याकडून कुणी आडमार्गाने काम करून घेऊ शकत नाही, आणि मुलगी म्हणून तुला ते बळ जास्त उपयोगी पडेल.

रात्रपाळीचं आईला वाटतं ते चूक नाही. मुलाखतीत सरळ विचार: पाळीला दुसरी बाई असते का, घरापर्यंत गाडी देता का, चेंजिंग रूम प्लांटच्या किती जवळ आहे. नीट उत्तर देणाऱ्या कंपनीत जा. पण कुणी ‘मुलींना लॅबमध्ये बसवतो’ म्हणालं तर नम्रपणे सांग की ट्रेड एओसीपी आहे आणि फील्डची पाळी हवी. व्हॉल्व्ह फिरवल्याशिवाय ऑपरेटर होत नाही.

अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवलंस की करार येईल. सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठव. कुठल्या विभागात किती महिने, हे त्यात लिहिलंय का ते आपण दोघं मिळून बघू, आणि नसेल तर काय लिहून मागायचं तेही ठरवू. बाबांशी मी रविवारी फोनवर बोलतो.

तुझा,
काका