समासातला ‘मग?’

प्रश्न: नमस्कार बाई. मी ऐरोलीला राहते, वय ४३. मुलगा बारावीला गेला तेव्हा मीही दूरशिक्षणातून समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. ‘नवी मुंबई वसवल्यामुळे मुंबईवरचा ताण कमी झाला का? चर्चा करा’ असा १,५०० शब्दांचा निबंध होता. महिनाभर खपून माहिती जमवली आणि शेरा मिळाला, ‘माहिती भरपूर, मांडणी नाही.’ प्रस्तावना आणि समारोप जमतात, मधल्या परिच्छेदांत घोळ होतो. मुलगा म्हणतो, ‘पील’ पद्धत वापर: पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लनेशन, लिंक. सासूबाई म्हणतात, आम्ही वाशीच्या बससाठी किती रांगा लावल्या ते लिही. एक परिच्छेद सोबत पाठवते आहे.

उत्तर: तुमचा परिच्छेद आधी इथे देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय.

“नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन प्रकल्पासाठी घेण्यात आली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल सुरू झाला. मे १९९२मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल धावू लागली. मुंबईतील घाऊक बाजार वाशी-तुर्भे परिसरात आले. २०२२ साली ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला असून येथे फ्लेमिंगो येतात. अशा प्रकारे नवी मुंबईचा सर्वांगीण विकास झाला.”

(१९७०मध्ये ‘रायगड जिल्हा’ नव्हता, कुलाबा होता. नाव १९८१ साली बदललं. जुन्या खोडीमुळे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आता माझी फजिती ऐका. तरुणपणी मी ठाणे शहराच्या वाढीवर प्रबंध लिहीत होते. एका प्रकरणात झोकात लिहिलं: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी रेल्वे धावली.’ ठाणेकर असल्यामुळे ते वाक्य लिहिताना माझी छाती फुगली होती. मार्गदर्शकांनी प्रकरण परत दिलं, तेव्हा त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने एकच शब्द होता: ‘मग?’ पुढच्या पानावर तीन ‘मग?’, त्याच्या पुढच्यावर पाच. मी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून चक्क रडले. भेळवाल्याने फुकट शेंगदाणे दिले. घरी येऊन पुन्हा वाचलं, तेव्हा दिसलं की रेल्वे आली एवढंच मी सांगितलं होतं. ती आल्यामुळे ठाण्याचं काय झालं, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं होतं.

तुमच्या परिच्छेदात सात वाक्यं आहेत आणि पहिल्या सहांपुढे मी ‘मग?’ लिहीन. सातव्यापुढे काहीच लिहिणार नाही, ते खोडेन. ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द शाळेच्या निबंधातून आपल्या मानगुटीवर बसलेला आहे. शिवाय तुम्हाला विकास झाला का, असं विचारलेलंच नाही. मुंबईवरचा ताण कमी झाला का, असं विचारलंय.

परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यावर कोणाला तरी वाद घालता आला पाहिजे. सिडकोच्या स्थापनेच्या तारखेवर कोण वाद घालणार? तारीख पुरावा म्हणून चालते, पण परिच्छेद तिच्यापासून सुरू केला की ती एकटी पडते. तुमच्याच सामानातून मी एक परिच्छेद करून पाहिला:

“नवं शहर आधी उभं राहिलं आणि तिथे जाणारी लोकल मागाहून आली, म्हणून सुरुवातीची वीसेक वर्षं मुंबईवरचा ताण हलका करण्याची त्याची ताकद मर्यादित राहिली. खाडीपूल १९७३ साली सुरू झाला, पण लोकल वाशीला पोचली मे १९९२मध्ये. मधली एकोणीस वर्षं वाशीहून मुंबईला जायचं तर रस्त्याशिवाय सोय नव्हती. ज्या शहरातला नोकरदार लोकलच्या वेळापत्रकावर दिवस आखतो, तिथे रुळांशिवायचं घर म्हणजे नोकरीपासून लांब पडलेलं घर. तेव्हा घरं बांधली म्हणून माणसं मुंबई सोडतील, हे गृहीतक प्रवासाच्या प्रश्नापाशी अडखळलं.”

माहिती बघा, तुमचीच आहे, उलट कमी आहे. दोन तारखा ठेवल्या आणि त्यांच्यामधलं अंतर मोजलं. वजन आहे ते चौथ्या वाक्याला. एकोणीस वर्षं हा आकडा वाचणाऱ्यासमोर टाकून निघून जायचं नसतं. या आकड्याचा माझ्या म्हणण्याशी काय संबंध, हे लिहायचं असतं. बहुतेकांच्या निबंधात नेमकं हेच वाक्य नसतं. लिहिणाऱ्याला ते इतकं उघड वाटतं की लिहायची लाज वाटते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बसच्या रांगेची आठवण या निबंधात पुरावा म्हणून चालणार नाही, पण वरचा मुद्दा मला सापडला तो त्यांच्या त्या रांगेतच.

उरलेल्या सामानाचं काय? घाऊक बाजारांना स्वतंत्र परिच्छेद द्या. त्याचं पहिलं वाक्य साधारण असं: ‘मुंबईतून गोण्या हलल्या, फायली हलल्या नाहीत.’ घाऊक बाजार खाडीपलीकडे गेले, मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिलं. एकाच शहराबाबतचे हे दोन निर्णय शेजारी ठेवलेत की ‘मग?’चं उत्तर तुम्हीच द्याल. ९५ गावांची जमीन हा तर वेगळाच आणि मोठा विषय. एकाचा ताण हलका करताना तो कोणाच्या डोक्यावर गेला, असा प्रश्न घेऊन त्याला शेवटाकडे जागा द्या, एका ओळीत उरकू नका. फ्लेमिंगो मात्र गेले. माहिती खरी, वाक्य सुबक, पण या घरातलं नव्हे.

काय ठेवायचं आणि काय नाही, हे कळत नसेल तर माझा घरगुती उपाय करा. निबंध छापून घ्या, कात्रीने वाक्यावाक्याच्या पट्ट्या कापा आणि जेवणाच्या टेबलावर पसरा. वाद घालण्याजोगी वाक्यं वरच्या रांगेत, त्यांना आधार देणारी त्यांच्याखाली. जी पट्टी कुठेच बसत नाही, ती वरणाच्या भांड्याखाली. (पंखा बंद ठेवा.)

मुलाची ‘पील’ पद्धत वाईट नाही. विहिरीत पोहायला शिकताना कमरेला डबा बांधतात, तशी ती वापरा. पण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘यावरून असे दिसून येते की’ म्हणत पहिलंच वाक्य परत लिहिणं म्हणजे लिंक नव्हे. तपासणारा तेवढ्यात विसरलेला नसतो.

प्रश्न: मी कळव्याचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रत्येक परिच्छेद ‘तसेच’ने सुरू होतो म्हणून सर हसतात. दुसरे कोणते शब्द वापरू?

उत्तर: शब्द बदलून भागणार नाही. ‘तसेच’ काढून ‘शिवाय’ घातलंस तरी सर हसतीलच. तुझ्या निबंधातला तिसरा आणि पाचवा परिच्छेद आपसांत बदल आणि मित्राला वाचायला दे. त्याला काही खटकलं नाही, तर तू निबंध नाही, किराण्याची यादी लिहिली आहेस. यादीत साखर आधी काय आणि तूरडाळ आधी काय! मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं कोऱ्या कागदावर उतरव आणि आधीच्या वाक्यामुळे पुढचं का येतंय, ते दोघांच्या मध्ये पेन्सिलीने लिही. तिथे ‘म्हणून’ येईल, ‘पण’ येईल, कधी ‘तरीही’ येईल. आणि एखाद्या ठिकाणी खरोखरच ‘तसेच’ आलं, तर ते बिनधास्त राहू दे.