सही करण्याआधी तारखा लिहून घ्या

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सुपरहिरो कॉमिकचे तीन अंक तुम्ही पदरचे पैसे घालून छापलेत, आता एक प्रॉडक्शन हाउस सिनेमाच्या हक्कांसाठी दीड लाख देतंय आणि आठवड्यात सही मागतंय, करू का? आत्ता नका करू. कराराचा ड्राफ्ट मी दोनदा वाचला, रकमेचं नंतर बघू, मला काळजी वाटते ती सातव्या कलमाची.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम १९(४) आहे, हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर असाइनमेंट, म्हणजे हक्क लिहून देणं, संपलं असं धरतात, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर मग करारच चालतो, आणि तुमच्या ड्राफ्टच्या सातव्या कलमात नेमकं तेच घातलंय, १९(४) लागू नाही आणि मुदत कायमस्वरूपी. म्हणजे त्यांनी सिनेमा काढलाच नाही तरी तुमचा हिरो त्यांच्याकडे अडकून पडणार.

मार्व्हलने असं होऊ दिलं नाही. स्पायडरमॅनच्या सिनेमांचे हक्क सोनी स्टुडिओकडे आहेत, पण एक सिनेमा आला की ३ वर्षं ९ महिन्यांत पुढच्याचं काम सुरू आणि ५ वर्षं ९ महिन्यांत रिलीज, नाहीतर हक्क परत, अशी अट होती. मार्व्हलचाच दुसरा हिरो डेअरडेव्हिल फॉक्स स्टुडिओकडून असाच परत आला.

आणि हो, नुसतं 'शूटिंग सुरू' एवढ्यावर समाधान मानू नका. मार्व्हलच्याच फॅन्टास्टिक फोरच्या सिनेमा-हक्कांची मुदत १९९२ च्या शेवटी संपत होती, तर जर्मन निर्मात्याने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अगदी थोडक्या पैशात शूटिंग सुरू केलं, तो सिनेमा कधी रिलीजच झाला नाही पण हक्क मात्र त्याच्याकडे राहिले. त्या कलाकारांनी जीव ओतून काम केलं होतं हो, मला अजून वाईट वाटतं.

म्हणून असं मागा: आधी १८ महिन्यांचं ऑप्शन (तेवढ्या काळापुरता हक्क घ्यायचा राखीव पर्याय), वाढवायचं तर वेगळे पैसे, शूटिंगची तारीख वेगळी, रिलीजची वेगळी, आणि कुठलीही चुकली तर हक्क आपोआप तुमच्याकडे. छापील कॉमिक, खेळणी, गेम यातून बाहेर ठेवा.

अजून एक, इंकिंग (पेन्सिलच्या चित्रांवर शाईचं काम) आणि रंग मित्राने केलेत म्हणता. त्याच्याकडून लेखी असाइनमेंट सहीनिशी घ्या, तोंडी चालत नाही, कारण ड्राफ्टच्या अकराव्या कलमात सगळं काम तुमच्याच मालकीचं आहे अशी हमी तुम्ही देताय. तो कागद झाला की ड्राफ्ट परत पाठवा.