घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, तर रेसच्या गाडीला रुंद टायर कशाला?

प्रश्न तुमच्या मुलीचा आहे असं तुम्ही लिहिलंय, तर आधी तिला शाबासकी द्या. "घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं" हे वाक्य बहुतेक जण पाठ करून पुढे सरकतात. मीही तेच केलं होतं. पुस्तक चुकलेलं नाही, पण त्यातला "क्षेत्रफळ" हा शब्द फसवा आहे.

मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये मापन विभागात बरीच वर्षं काढली. सरफेस प्लेट, म्हणजे मापं घेण्यासाठी लागणारी अगदी सपाट धातूची पाटी, हाताने स्क्रेपर मारून सपाट करणारे एक मिस्त्री तिथे होते. आधीच सपाट असलेल्या मास्टर प्लेटला निळा रंग अगदी पातळ चोपडायचा, कामाची प्लेट तिच्यावर ठेवून जराशी सरकवायची आणि उचलून बघायची. नवख्याला वाटतं, आता सगळी निळी निघणार. निघतात ते ठिपके. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. चौरस इंचात वीस-पंचवीस ठिपके दिसले की मिस्त्री मान डोलवायचे. म्हणजे हाताला गुळगुळीत लागणारी प्लेटसुद्धा ठिपक्यांवरच टेकते. आणि हे ठिपकेही खऱ्यापेक्षा मोठेच, कारण रंगाच्या थराला स्वतःची जाडी असते. निळं लागलं म्हणजे धातूला धातू टेकला असं नाही.

मग खरोखर टेकतं किती? 10 सेंटिमीटर बाजूचा पोलादी घन घ्या, वजन जवळपास 8 किलो. तो पोलादी पाटावर ठेवला की सर्वात उंच टोकांवर सगळा भार येतो आणि भार पेलण्याइतकं क्षेत्रफळ होईपर्यंत ती टोकं चेपतात. या भाराला साध्या पोलादाच्या कठीणपणाने भागून पाहिलं तर उत्तर येतं साधारण 0.05 चौरस मिलिमीटर. शिसपेन्सिलीचं एक बारीक टिंब! तळ आहे 10,000 चौरस मिलिमीटरचा, टेकलाय त्याचा दोन लाखावा भाग. वीट आडवी ठेवा नाहीतर उभी, भार तोच असल्यामुळे या टिंबांची बेरीज तीच राहते. घर्षण ठरतं ते या बेरजेवर. फ्रेंच शास्त्रज्ञ गीयोम आमोंताँने 1699 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेला नियम, म्हणजे घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, त्यामुळेच खरा ठरतो. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून असतंच, फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही.

इथे थांबलं तरी परीक्षेपुरतं भागेल. पण मला यातली पुढची भानगड जास्त आवडते.

टोकं चेपतात म्हणजे कायमची चेपतात असं वर धरलंय. पण मशीनचे भाग एकमेकांवर लाखो वेळा घासतात. दर फेरीला टोकं नव्याने कशी चेपतील? पहिल्या काही फेऱ्यांत चेपायची ती चेपली, त्यानंतर ती स्प्रिंगसारखी दबणार आणि परत वर येणार. टोक म्हणजे बारका गोल असं धरलं, तर दबून परत येणाऱ्या गोलाचं गणित वेगळं आहे. ते हाइनरिश हर्ट्झने 1880 च्या नाताळच्या सुट्टीत केलं, वयाच्या 23 व्या वर्षी. (रेडिओलहरींवाला हर्ट्झ तो हाच.) त्याच्या गणिताप्रमाणे भार आठपट केला की टेकलेलं क्षेत्रफळ चौपटच होतं. मग घर्षणही चौपटच व्हायला हवं आणि आमोंताँ खोटा पडायला हवा. पण कारखान्यात तो खोटा पडताना दिसत नाही.

ही गाठ 1957 साली आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने सोडवली, आणि तीसुद्धा हाताने करता येईल अशा गणिताने. त्याने गोलावर बारके गोल बसवले, त्या बारक्यांवर आणखी बारके. नुसता गोल असेल तर आठपट भाराला क्षेत्रफळ 4 पट. एक थर बसवला की 6.3 पट. दुसरा थर बसवला की 7.4 पट. तिसरा, चौथा थर चढवत जा, आकडा आठाच्या जवळ जवळ जातो. प्रत्येक टोक स्प्रिंगसारखंच वागतंय, तरी सगळ्यांची बेरीज भाराच्या प्रमाणात येते. खडबडीतपणावर आणखी खडबडीतपणा असणं, एवढंच पुरतं.

ग्रीनवूड आणि विल्यमसन यांनी 1966 मध्ये हेच जास्त खऱ्या पृष्ठभागांसाठी मांडलं. टोकांची उंची कमी-जास्त असते. भार वाढवला की टेकलेले ठिपके थोडे फुगतात, पण तोवर खालची नवी टोकंही टेकू लागतात आणि ती लहानच असतात. त्यामुळे ठिपक्याचा सरासरी आकार जवळपास तोच राहतो, वाढते ती संख्या. लग्नात पाहुणे वाढले की पंगतीत पानं वाढतात, एकेका पानावरचा भात वाढत नाही, तसं.

आता टायर. या सगळ्यात एक अट लपलेली आहे. खरा स्पर्श हा दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या मानाने अगदी नगण्य असायला हवा, म्हणजे नव्या टोकांना जागा उरते. रबर पोलादापेक्षा हजारो पटींनी मऊ. ते खडीच्या खाचांत उतरतं, भरपूर टेकतं, आणि भार वाढवत नेला तरी स्पर्श त्या प्रमाणात वाढत नाही. गुळगुळीत रबर तर हर्ट्झच्या गोलाच्या जवळ जातं. म्हणून टायरचा घर्षणांक, म्हणजे घर्षण भागिले भार, भार वाढेल तसा उतरतो. तोच भार जास्त रबरावर पसरला तर पकड वाढते. शिवाय रबर खाचेत दबतं पण लगेच पूर्ववत होत नाही, त्या आळशीपणात ऊर्जा जाते आणि तीही घर्षण म्हणूनच जाणवते.

पण नुसत्या रुंदीला भुलू नका. हवेचा दाब तोच ठेवला तर रुंद टायरचा रस्त्यावरचा ठसा फारसा मोठा होत नाही, आखूड आणि रुंद होतो, इतकंच. रेसवाल्यांचा खरा फायदा मऊ रबराचा आहे. असं रबर अरुंद टायरात घातलं तर तापून झिजून जाईल, म्हणून रुंदी. पावसात मात्र पाण्याला वाट द्यायला खाचा लागतातच. गोटा झालेला टायर घेऊन जुलैत ताम्हिणी घाटात जाणाऱ्यांना हे मी कितीदा सांगितलंय!

मुलीला हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर साधा काचेचा पेला पाण्याने भरा. तो बोटांनी धरा आणि वरून, पाण्यातून तिरकं बघत आतल्या बाजूची काच न्याहाळा. काच चांदीसारखी चमकते आणि बोट जिथे खरोखर टेकलंय तिथे ठशाच्या रेषा तेवढ्या उमटतात, मधल्या खाचा चमकतच राहतात. आता पेला घट्ट आवळायला सांगा आणि रेषा कशा जाड होतात ते तिलाच बघू द्या.